हरवलेल्या किल्लीचे व्याज

दिवाळी नुकतीच सरली होती. रांगोळीचे रंग अजून अंगणातल्या फरशीच्या सांध्यांत अडकून होते. अशा एका दुपारी अकोल्याहून माझे एक जुने स्नेही अमरावतीला घरी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मी अकोल्याच्या शाखेत होतो तेव्हापासूनची ओळख. पगाराच्या खात्यापासून मुलाच्या शैक्षणिक कर्जापर्यंत त्यांचे सगळे कागद माझ्या हाताखालून गेलेले. फराळ झाला, चहा झाला आणि मग बशी खाली ठेवत ते म्हणाले, "साहेब, माह्या पोराचं काही खरं नाही. रात्र रात्र जागते. मायसंग बोलणं सोडलं त्यानं. तुम्ही बँकेतले माणूस, तुम्हीच समजावून सांगा त्याले."

प्रकरण असे. मुलगा २०१३ साली पुण्याला इंजिनिअरिंगला होता. वसतिगृहातल्या मित्राच्या नादाने त्याने बिटकॉइन नावाची दोन आभासी नाणी घेतली. प्रोजेक्टसाठी वडिलांनी पाठवलेले सतरा हजार रुपये त्यात गेले. नाण्यांचे 'पाकीट' लॅपटॉपमध्ये होते. लॅपटॉप बिघडलाच तर ते पुन्हा उघडता यावे म्हणून संगणकाने बारा इंग्रजी शब्द दिले होते. ते त्याने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. पुढे भाव पडला, परीक्षा आल्या, नोकरी लागली, लॅपटॉप भंगारात गेला आणि तो सारे विसरूनही गेला. डिसेंबर २०१७मध्ये एका नाण्याचा भाव वीस हजार डॉलरच्या घरात पोहोचल्याची बातमी वाचली, तेव्हा त्याला वहीची आठवण झाली. पुण्याची खोली धुंडाळली. अकोल्याला येऊन माळा पालथा घातला. काय शोधतो आहे हे मात्र कोणाला सांगितले नाही. आपल्याच हातून वसतिगृहात वही गेली असे समजून आठ वर्षे तो गप्प राहिला. डिसेंबर २०२४मध्ये भाव एक लाख डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे एका नाण्याचे आपले पंच्याऐंशी लाख रुपये. दोघांचे एक कोटी सत्तर लाख. तरीही तो गप्पच होता.

यंदा दिवाळीत जेवताना रद्दीच्या भावाचा विषय निघाला आणि आई सहज बोलून गेली की, ताईच्या लग्नाआधी घर रंगवताना तिने त्याच्या कॉलेजच्या साऱ्या वह्या रद्दीत दिल्या होत्या. एकशे चाळीस रुपये आले होते. आकडा तिच्या लक्षात होता, कारण त्या पैशांत तिने दाराशी घालायचे पायपुसणे घेतले होते.

त्या दिवसापासून मुलगा आईशी बोलत नाही. आठ वर्षे त्याच्यापाशी पश्चात्ताप होता, आता आरोप आहे. पश्चात्तापाला माणूस कसाबसा सवकतो. पण त्याला घरातच एक मालक सापडला की सारे घर पेटते.

स्नेही माझ्याकडे आले ते एका भाबड्या समजुतीने. बँकेत कागद हरवला तर काहीतरी मार्ग निघतो, तसा इथेही निघत असेल. त्यांची समजूत चुकीची होती, पण ती कुठून आली हे मला चांगले ठाऊक होते.

बाळापूरकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी एकदा माझ्या टेबलावर पत्र्याचा डबा उपडा केला होता. आत मातीसारखा भुगा आणि भुग्यात बोटभर कागदाचा तुकडा. मुदतठेवीची पावती होती ती, वाळवीने खाल्लेली. मी अर्ज लिहून घेतला, स्टँपपेपरवर हमीपत्र करायला सांगितले, साक्षीदार आणायला सांगितले. बाई वैतागल्या. "माहेच पैसे अन् एवढे कागद कायले लागते बाप्पा?" मी नियम सांगत बसलो आणि त्या मला मनातल्या मनात शिव्या देत बसल्या. पण आठ-दहा दिवसांत दुसरी पावती त्यांच्या हातात पडली. लॉकरचेही तेच. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. ग्राहकाच्या किल्लीची जोडकिल्ली बँकेकडे नसते. ती हरवली तर तिजोरीच्या कंपनीचा माणूस येतो, साक्षीदारांदेखत ड्रिलने कुलूप फोडतो आणि त्याचा खर्च ग्राहकाच्या माथी बसतो. कुलूप फोडणाऱ्या यंत्राचा तो आवाज शाखाभर घुमायचा आणि रांगेतली माणसे माना वळवून पाहायची. खर्च लागतो, मनस्ताप होतो, पण दागिना परत मिळतो.

ही काही इंग्रजांनी आणलेल्या बँकांचीच रीत नव्हे. हुंडीच्या काळातही हुंडी वाटेत गहाळ झाली तर सावकार दुसरी लिहून देत असे. तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. कारंजा, खामगाव, अमरावतीच्या कापसाच्या पैशाने या कागदांवरूनच गावे ओलांडली. पाऊस, चोर, घोड्यावरून पडलेला जासूद आणि विसरभोळा मुनीम हे सगळे त्या व्यवस्थेने आधीच गृहीत धरले होते.

आजही दहा वर्षे ज्या ठेवीकडे कोणी फिरकत नाही, ती रिझर्व्ह बँकेने २०१४मध्ये उभारलेल्या एका निधीत जाते. मार्च २०२४अखेर तिथे ७८ हजार २१३ कोटी रुपये साठले होते. एवढे पैसे लोक विसरले, किंवा ठेवणारे गेले आणि मागच्यांना पत्ताच नव्हता. पण हक्क बुडत नाही. नातवाने कागद आणून सिद्ध केले तर पैसे व्याजाच्या नियमानुसार मिळतात. ऑगस्ट २०२३पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर आपल्या माणसाचे नाव घालून शोधताही येते. लोक बँकेच्या कागदी घोड्यांना हसतात. मीही कादंबरीत हसलो आहे. पण माणूस विसरतो, हरवतो आणि एक दिवस न सांगता मरतो, ही गोष्ट त्या घोड्यांच्या पाठीवर लादलेली असते.

बिटकॉइनने नेमकी हीच गोष्ट वगळली. अमेरिकेतल्या मोठमोठ्या बँका २००८ साली कोसळल्या. त्यानंतर जानेवारी २००९मध्ये सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेतलेल्या कोणी एकाने, किंवा अनेकांनी, हे चलन सुरू केले. बँकेवर विश्वास ठेवण्याची गरजच नको, हा त्यामागचा विचार. जगभरच्या संगणकांवर एकच खातेवही, एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर कधीच निघायची नाहीत आणि ज्याच्याकडे गुप्त किल्ली त्याचे नाणे. मॅनेजर नाही. मॅनेजरचा जाच नाही आणि त्याच्यापुढे डबा उपडा करण्याची सोयही नाही. बारा शब्द गेले म्हणजे गेले. सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीतून ते बाराच्या बारा, त्याच क्रमाने, अंदाजाने ओळखणे कोणाही माणसाला किंवा यंत्राला शक्य नाही. नाणी त्या जगड्व्याळ खातेवहीत सगळ्यांना दिसत राहतात, फक्त हलत नाहीत. चेनालिसिस या संस्थेच्या अंदाजानुसार २०२१च्या सुरुवातीला तोवर निघालेल्या नाण्यांपैकी सुमारे वीस टक्के अशी हरवलेली किंवा अडकून पडलेली होती.

मग किल्ली दुसऱ्या कोणाकडे ठेवावी म्हटले, तर तिथेही दैव आडवे येते. कॅनडातील क्वाड्रिगा या व्यवहारपेढीचा तीस वर्षांचा प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८मध्ये आपल्या जयपुरात आजारपणाने वारला. सगळ्या किल्ल्या त्याच्यासोबत गेल्या, असे ग्राहकांना सांगण्यात आले. त्याने ग्राहकांचे पैसे आधीच उधळले होते, हे पुढे चौकशीत उघड झाले ते वेगळेच. मुंबईच्या वझीरएक्सवर जुलै २०२४मध्ये दरोडा पडला, सुमारे तेवीस कोटी डॉलर गेले आणि ग्राहकांची खाती वर्षाहून अधिक काळ गोठून राहिली. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये उघडकीस आणलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयालाच मार्च २०२२मध्ये आरोपीला सांगावे लागले की, पाकिटाचे नाव आणि परवलीचा शब्द तपासयंत्रणेला दे. देशातले सर्वांत वरचे न्यायालय लॉकर फोडायला सांगू शकते, जमीन जप्त करू शकते, पण इथे त्यालाही माणसाच्या जिभेवरच अवलंबून राहावे लागले.

मुलाशी फोनवर बोललो. त्याने मला आधी दोन परदेशी माणसांच्या गोष्टी सांगितल्या. त्या त्याला तोंडपाठ होत्या. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रॅमरला २०११ साली एका चित्रफितीचा मोबदला म्हणून ७००२ नाणी मिळाली. किल्ली एका कुलूपबंद ड्राइव्हमध्ये, परवलीचा शब्द कागदावर, आणि कागद हरवला. दहा वेळा चुकले की ड्राइव्ह कायमचा बंद. आठ वेळा चुकून झाले होते. दुसरा जेम्स हॉवेल्स, वेल्समधल्या न्यूपोर्ट गावचा. सुमारे आठ हजार नाण्यांची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ साली घर आवरताना चुकून कचऱ्याच्या पिशवीत गेली आणि पिशवी नगरपालिकेच्या कचराडेपोत. डेपो उकरू द्या म्हणून तो बारा वर्षे भांडला. यंत्रमानव आणतो, तज्ज्ञ आणतो, सापडले तर गावालाही वाटा देतो म्हणाला. पालिकेने पर्यावरणाचे कारण देऊन नकार दिला आणि जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. तेव्हा त्या डिस्कची किंमत साठ कोटी पौंडांच्या वर होती.

"काका, ती पिशवी डेपोत नेऊन टाकणारी त्याच्या घरातलीच होती," मुलगा म्हणाला. माझ्या लक्षात आले, बारा वर्षांच्या त्या सगळ्या झगड्यातून त्याने एवढेच उचलले होते.

मी त्याला विचारले, "समज, डिसेंबर २०१७मध्ये माळ्यावर वही सापडली असती. काय केले असतेस?"

"विकली असती." उत्तर लगेच आले. "एका नाण्याचे बारा लाख मिळाले असते. शिक्षणाचं कर्ज फिटलं असतं, फ्लॅटचं बुकिंग झालं असतं."

म्हणजे चोवीस लाख. एक कोटी सत्तर लाख नव्हे. आणि आज त्याच फ्लॅटच्या गॅलरीत बसून, बारा लाखांना काय म्हणून विकले या विचाराने तो जागला असता. इतकी वर्षे नाणे धरून ठेवण्याची छाती सतरा हजारांवर चोवीस लाख दिसल्यावर किती जणांत असते? त्याच्यापाशी नव्हती, असे त्याने स्वतःच कबूल केले. ती नाणी आजवर विकली गेली नाहीत, याचे एकमेव कारण वही रद्दीत गेली हे आहे. ज्याची किल्ली हरवली तोच न विकणारा ठरला. आईने वही दिली नसती तर आज त्या पाकिटात काहीच नसते. हे त्याला पटले की नाही ठाऊक नाही. फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

आपल्या वऱ्हाडाला हा हिशेब नवा नाही. अकोटच्या बाजारात २०२२ साली कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा दिवाळीआधी विकणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. म्हणून पुढच्या हंगामात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. निजायच्या खोलीत गंजी, अंगाला खाज, पोरेबाळे ओसरीत. आणि भाव आठ हजारांच्याही खाली आला. तेव्हा न विकल्याचा पश्चात्ताप. खानदेशात अमळनेरला विचारा. १९४५ साली तिथे सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली. ज्यांनी शेअर ठेवले ते कोट्यधीश झाले, आणि ज्यांनी लग्नात, आजारपणात, विहिरीसाठी विकले, त्यांच्या नातवंडांना अजून ती गोष्ट ऐकवली जाते. पण लेकीचे लग्न त्याच पैशांत झाले होते, विहिरीला पाणी लागले होते, हे सांगणारा सहसा कोणी नसतो. फ्लोरिडातल्या ज्या प्रोग्रॅमरने २२ मे २०१० रोजी दहा हजार नाणी देऊन दोन पिझ्झा मागवले, त्याला मुलाखती घेणारे दरवर्षी पश्चात्तापाबद्दल विचारतात. तो म्हणतो, नाही होत. मला तो माणूस आवडतो. पिझ्झा खाल्ला होता, एवढे त्याच्या लक्षात आहे.

तरी कापसाचे दुःख वाटले जाते. चावडीवर दहा जण तेच सांगत असतात आणि अकराव्याचा भार आपोआप उतरतो. या मुलाचे दुःख ऐकायला कोणीच नव्हते. पैसे बापापासून लपवलेले, वही कोणाला न सांगता शोधलेली. आठ वर्षे तो रोज मोबाइलवर भाव बघायचा आणि दोनने गुणायचा. झोपण्याआधी एकदा, उठल्यावर एकदा.

इथे मला बँकेची एक जुनी गोष्ट आठवली. १९९१ साली एम. नरसिंहम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याआधी बँकांत थकलेल्या कर्जावरचे व्याजही बऱ्याचदा उत्पन्न म्हणून जमेला धरले जाई. कर्जदार गाव सोडून गेलेला, कारखान्याला टाळे, पण कागदावर व्याज वाढते आहे आणि नफा फुगतो आहे. १९९२-९३पासून नवे निकष आले. जे व्याज हातात पडले नाही ते उत्पन्न नव्हे. मी तेव्हा अकोल्याला होतो. त्या वर्षी शाखेचे आकडे एका रात्रीत कसे कोसळले आणि आमचे चेहरे कसे पडले, ते विसरणार नाही. पण त्यानंतरच आम्हाला कळले की शाखेत खरोखर किती पैसे आहेत.

मुलाला मी हेच सांगितले. तू रोज गुणाकार करतोस ते न मिळालेले व्याज जमेला धरणे आहे. घरातून गेले ते सतरा हजार. बुडीत लिहायचे तर तेवढे लिही. पैसा म्हणजे हाताचा मळ, वगैरे मी त्याला सांगितले नाही. पस्तीस वर्षे पैसा मोजला, असे म्हणणारा एकही माणूस खिडकीवरून पैसे न घेता परत गेलेला मी पाहिला नाही. कोटीभर रुपये ही मोठी गोष्ट आहे. त्याच्या बापाचे दोन्ही गुडघे बदलून झाले असते आणि बहिणीच्या घराचा हप्ता सुटला असता. हळहळ वाटणारच. बँकसुद्धा बुडीत कर्ज लिहून टाकते तेव्हा ते फाडून फेकत नाही, वेगळ्या खतावणीत नोंदवून ठेवते. फक्त ती खतावणी रोज उघडत नाही.

"मग कधी उघडायची?" त्याने विचारले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात किंचित खोडी होती.

"एकतीस मार्चला."

आणखीही एक काम सांगितले, ते वाचकांनीही आजच करायला हरकत नाही. घरातली खाती, विमा, शेअर, मोबाइलमधले पैसे, कुलपे आणि किल्ल्या यांची यादी एका वहीत लिहावी, ती कुठे ठेवली ते घरातल्या निदान एका माणसाला सांगावे आणि वहीवर ठळक अक्षरांत 'रद्दीत देऊ नये' असे लिहावे. बँकेत वारसदाराचे नाव लावले नसेल तर लावून घ्यावे. १ नोव्हेंबर २०२५पासून ठेवींवर चार जणांपर्यंत नावे लावता येतात. खातेदार पन्नाशीचा आणि वारसाच्या रकान्यात काहीच नाही, असे अर्ज मी इतके पाहिले आहेत की कधी कधी वाटे, लोकांनी अमरपट्टा बांधून आणला आहे.

परवा स्नेह्यांचा फोन आला. मुलगा आईशी बोलला म्हणाले. काय बोलला ते त्यांनाही कळले नाही. स्वयंपाकघराचे दार लोटलेले होते आणि ते बाहेर पेपर वाचत असल्याचे सोंग करत बसले होते. झोपेचे अजून तितके ठीक नाही. सकाळी उठून मोबाइल बघतो तो बघतोच.

"पण साहेब, घरात एक नवीनच झालं," ते म्हणाले. "ही आता घरातला कागुद बाहेर जाऊ देत नाही. पेपर, पोरायच्या जुन्या वह्या, लग्नाच्या पत्रिका, लाइटची बिलं, सारं ठेवून देते. रद्दीवाला गल्लीत आला की दार लावून घेते. ओसरीत खिडकीपर्यंत थप्पी गेली आहे. मी म्हटलं, अवं, त्यात काय हाय? तं म्हणते, असू द्या, कोणाले काय लागीन, सांगता येत नाही."